इफ्रिम उर्साकेची तिसरी फेरी

विमान उतरायचं की नाही हे वैमानिक ठरवतो, असं लोकांना वाटतं. काहींना वाटतं टॉवर ठरवतो. आमच्या विमानतळावर हिवाळ्यात ते बरंचसं इफ्रिम उर्साके ठरवायचा. एकसष्ट वर्षांचा, बुटका, खांद्यांनी रुंद, डाव्या पायाने किंचित लंगडणारा माणूस. त्याच्याकडे एक पिवळी गाडी होती आणि तिच्या पोटाखाली एक छोटं जादा चाक. धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी पळवायची, ते चाक किती घसरतं ते यंत्रावर वाचायचं, शिवाय स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि पट्टीच्या तीन भागांना तीन आकडे द्यायचे. सहा म्हणजे कोरडी ठणठणीत. शून्य म्हणजे आरसा. आम्ही सगळे त्या गाडीला मोजगाडी म्हणायचो.

हे आकडे तो रेडिओवरून मला सांगायचा आणि मी ते टॉवरला द्यायचे. मी कामकाजाच्या खोलीत बसते, खिडकीतून मला पट्टी दिसते. एकोणीस वर्षं मी त्याचे आकडे ऐकले. "पोरी, घे," म्हणायचा, मग तीन आकडे, मग गप्प. माझं नाव आनिसिया आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण मी नोकरीला लागले तेव्हा वीस वर्षांची होते, आणि एकदा पोर म्हटलं की त्याच्या लेखी ती पोरच राहायची. मी त्याला काका म्हणायचे.

तो मूळचा ट्रॅक्टरवाला. सरकारी शेतावर ट्रॅक्टर चालवायचा. राजवट बदलली, शेत मोडलं, ट्रॅक्टर कुणी कुठे नेले कळलं नाही, आणि इफ्रिम विमानतळावर बर्फ ढकलायच्या गाडीवर लागला. तेव्हा दिवसाला दोन पंख्याची विमानं यायची आणि पट्टीच्या कडेला मेंढ्या चरायच्या. पुढे आमच्या या ईशान्य कोपऱ्यातली माणसं इटलीला, जर्मनीला, इंग्लंडला कामाला जायला लागली. गावं रिकामी होत गेली तसं विमानतळ भरत गेलं. आता सणासुदीला दिवसाला चाळीस विमानं असतात, आणि कॉफीच्या रांगेत इटालियनमध्ये भांडणारी आमचीच पोरं.

इफ्रिमची बायको साव्हेतासुद्धा गेली. चौदा वर्षांपूर्वी. इटलीत मोदेनाला एका म्हातारीकडे राहायची. तिला उठवणं, धुणं, भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं साव्हेता करायची. वर्षातून दोनदा घरी यायची, तीन-तीन आठवडे. ती यायची त्या दिवशी इफ्रिम मुद्दाम ड्यूटी लावून घ्यायचा. मोजगाडी हँगरच्या सावलीत उभी करून ती शिडीवरून उतरताना बघायचा, आणि मग मागच्या दाराने धावतपळत बाहेर जाऊन इतर नवऱ्यांसारखा दांड्याला धरून उभा राहायचा. तिला हे माहीत नव्हतं. मुलगी एकच, इलिंका. ती लग्न करून इंग्लंडात. घरी इफ्रिम एकटा, एक कुत्रा आणि आठ-दहा कोंबड्या.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी मोदेनाची म्हातारी वारली, सत्त्याण्णव वर्षांची होऊन. साव्हेताचा फोन आला तेव्हा इफ्रिम माझ्या खोलीत चहा पीत होता. फोन ठेवला आणि चहा तसाच टाकून उठून उभा राहिला.

"काय झालं, काका?"

"साव्हेता येतेय. कायमची म्हणाली." मग थोड्या वेळाने, "पोरी, कायमचं येणाऱ्या बाईचं सामान किती असतं गं? माझ्या गाडीत मावेल?"

"मावेल हो."

"नाही, म्हणजे कपाट रिकामं करायला पाहिजे. तिच्या कपाटात मी हत्यारं ठेवलीयत."

तिचं तिकीट निघालं जानेवारीच्या नऊ तारखेचं, गुरुवारचं, मोदेनाजवळच्या बोलोन्याहून. आमच्याकडे सकाळी अकरा चाळीसला.

सोमवारी देवपाण्याचा सण झाला. पाद्री आला, त्याने सब्ज्याची जुडी पाण्यात बुडवून सगळ्या गाड्यांवर शिंतोडे उडवले, मोजगाडीवरही. मंगळवारी दुपारी बर्फ सुरू झालं. नुसतं बर्फ असतं तर आम्हाला त्याचं काही नाही, त्यावरच आमचा पगार आहे. पण सोबत क्रिवत्स आला. हा आमचा ईशान्येचा वारा. स्तेपच्या मोकळ्या गवताळ मैदानांवरून येतो, वाटेत त्याला अडवायला एक टेकडीही नसते. तो बर्फ पडू देत नाही, आडवं नेतो. ढकलून साफ केलेली पट्टी तुम्ही गाडी वळवेपर्यंत पुन्हा पांढरी.

बुधवारी दिवसभर विमानतळ बंद राहिलं. सण संपवून परत कामावर निघालेली माणसं आत अडकली. बसायच्या जागा चारशे, माणसं अकराशे. बाहेरचा रस्ताही बंद, म्हणजे घरीही जाता येईना. पोरं बॅगांवर झोपली होती. दुपारपर्यंत उपाहारगृहातलं सगळं संपलं, मग एका आजीने आपली बॅग उघडली. लंडनच्या नातवंडांसाठी नेत होती ती सगळी शिदोरी बाहेर काढली: कोबीच्या पानांतले सारमाले, धुरावलेले सॉसेज, वांग्याच्या चटणीच्या बरण्या. तिचं बघून दुसरीने उघडली. संध्याकाळपर्यंत सगळ्या विमानतळाला लसणाचा आणि धुराचा वास येत होता, माझ्या खोलीपर्यंत. परदेशी न्यायचं सगळं तिथेच खाल्लं गेलं.

इफ्रिम मंगळवारपासून घरी गेला नव्हता. गॅरेजमध्ये घडीच्या खाटेवर दोन-दोन तास पडायचा. दर तासाला पट्टीवर फेरी, दर तासाला आकडे. "पोरी, घे. एक, एक, शून्य." "पोरी, घे. एक, एक, एक." बुधवारी संध्याकाळी त्याचा आवाज इतका बसला होता की मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. डोळे लाल, ओठ फुटलेले. मी म्हटलं, "काका, पाळी बदलून घ्या." तर म्हणाला, "कुणाशी बदलू? दुसरा मोजणारा त्याच्या गावात अडकलाय. आणि उद्या मी इथेच पाहिजे ना."

गुरुवारी सकाळी वारा जरा पडला. बर्फ ढकलायच्या सहाही गाड्या एकामागे एक तिरक्या रांगेत निघाल्या. पुढे निस्तोर, आमचा सगळ्यात चांगला चालक, चाळिशीचा, दांडगा, दिवसभर रेडिओवर चेष्टा करणारा. दोन तास ढकलाढकली झाली. वर बर्फ वितळवायचं औषध फवारलं. साडेनऊला इफ्रिमने फेरी मारली.

"पोरी, घे. चार, चार, तीन." आवाजात जरा जीव आला होता.

विमानतळ उघडलं. तोरिनोचं विमान सुटलं तेव्हा आतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, न जाणाऱ्यांनीसुद्धा. त्यामागून मिलानचं सुटलं. पाळीप्रमुख झाहारिया साहेब माझ्या शेजारी उभे होते. तरुण माणूस, दोन दिवसांत दाढी वाढून म्हातारा दिसत होता. राजधानीहून फोनवर फोन येत होते, कंपन्यांचे लोक दारात उभे. "आनिसियाबाई, असंच चार तास राहिलं तर सगळ्यांना घालवू," ते म्हणाले.

अकराला क्रिवत्स परत आला. आधीपेक्षा जास्त. खिडकीतून मला पट्टीचं पलीकडचं टोक दिसेनासं झालं. ते टोक दरीकडे उघडं आहे, वारा तिथूनच घुसतो. सव्वाअकराला इफ्रिम फिरून आला.

"पोरी, घे. तीन, तीन, एक."

शेवटचा एक म्हणजे उतरणाऱ्या विमानाला जिथे थांबायचं असतं तिथेच बर्फाचा काचेसारखा पापुद्रा. शिवाय बाजूने वारा. बोलोन्याचं विमान तेव्हा आमच्या हद्दीत शिरलं होतं. टॉवरने त्याला वरच घिरट्या घालायला सांगितलं. वैमानिक म्हणाला, चाळीस मिनिटं थांबू शकतो, मग दुसरीकडे जावं लागेल.

झाहारिया साहेबांनी गाड्या पुन्हा पाठवल्या. पावणेबाराला इफ्रिमची दुसरी फेरी.

"पोरी, घे. तीन, दोन, एक."

साहेब माझ्या खांद्यावरून वाकून रेडिओत बोलले, "काका, शेवटचा दोन म्हणता येईल का? दोन असेल तर वैमानिक प्रयत्न करतो म्हणतोय."

"दोन असता तर दोन म्हणालो असतो, साहेब."

साहेबांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्या विमानात एकशे बहात्तर माणसं होती आणि त्यातली एक कोण होती ते मला माहीत होतं.   त्या एका शब्दाने ते विमान खाली आलं असतं. इफ्रिमने 'दोन' म्हटलं असतं तर मी दोन लिहिलं असतं, टॉवरने दोन सांगितलं असतं.

वारा ताशी सत्तर किलोमीटरवर गेला. अशा वाऱ्यात गाड्या गॅरेजला परत बोलवायच्या असा आमचा नियम आहे. साहेब तो हुकूम द्यायला रेडिओ उचलणार, इतक्यात इफ्रिमचाच आवाज आला.

"साहेब, अजून एकदा ढकलून बघू या. फक्त शेवटचा भाग. एकच गाडी द्या."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांत इफ्रिमने स्वतःहून फेरी मागितल्याचं मला आठवत नव्हतं. साहेबांना वाटलं, एवढा जुना माणूस म्हणतोय म्हणजे त्याला काहीतरी दिसलं असेल. त्यांनी होकार दिला.

निस्तोर गेला त्याच्याबरोबर. पुढे मोजगाडी, मागे निस्तोर. रेडिओवर निस्तोरचा आवाज, "काका, माझा फाळसुद्धा मला दिसत नाहीये. तुमचा दिवा हलवू नका."

"माझ्या दिव्यामागून ये. सरळ ये."

"सरळ म्हणजे कुठे हो? सगळीकडे सरळच आहे!"

मग काही वेळ नुसती खरखर. घड्याळात बारा वाजून तीन मिनिटं झाली. टॉवरवाला विचारत होता, वैमानिक उत्तर मागतोय. मी रेडिओ कानाशी धरून इफ्रिमच्या आकड्याची वाट बघत होते.

"पोरी, घे. एक."

मी विचारलं, "शेवटचा एक, काका?"

"एकच. जाऊ दे त्यांना."

मी टॉवरला एक सांगितला. दोन मिनिटांनी बोलोन्याचं विमान डोंगरापलीकडे क्लूजला वळलं. आम्हाला ते ना दिसलं ना ऐकू आलं, वाऱ्यात काहीच ऐकू येत नव्हतं. मी इफ्रिमला सांगायला रेडिओ उचलला, तर त्याचाच आवाज आला आणि तो वेगळाच होता.

"पोरी, निस्तोर कुठाय? माझ्यामागे होता. मागे कुणी नाही."

निस्तोरची गाडी कडेवरून घसरून पाणी वाहून जायच्या चरात गेली होती. अठरा टनांची गाडी, नाकावर. इफ्रिमने मोजगाडी सोडली आणि कडेकडेने पायी चालत, ओरडत तिच्यापर्यंत गेला. अग्निशमनवाले पोचायच्या आत त्याने दार उघडून निस्तोरला बाहेर ओढलं होतं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, कपाळ फुटलं होतं. शुद्धीवर होता. "काका," म्हणाला, "सरळच आलो होतो मी."

ती गाडी पट्टीच्या इतकी जवळ अडकली होती की ती काढल्याशिवाय विमानतळ उघडता येईना. दीडच्या सुमाराला वारा पडला, आकाश निळं झालं, पट्टी ढकलून झाली, आणि तरी आम्ही बंद. क्रेन यायला वेळ लागला. पावणेचारला गाडी निघाली आणि चारला पहिलं विमान.

त्या मधल्या वेळात, दोनच्या सुमाराला, मी इफ्रिमला ओढून आत जेवायला नेलं. उपाहारगृहात सैन्याच्या गाडीतून आलेलं चोर्बाचं गरम आंबट सूप वाटत होते. त्याचं नारिंगी जाकीट बघून लोकांनी वाट अडवली. बाहेर लख्ख ऊन पडलेलं आणि विमानं का सुटत नाहीत हे कुणाला कळत नव्हतं.

"आले, आकडे देणारे मास्तर आले!" एक जाडजूड गवंडी ओरडला. "किती मार्क दिले हो आम्हाला? नापास?"

"सोमवारी कामावर नाही पोचलो तर मालक दुसरा ठेवतो," दुसरा म्हणाला. "याचं काय जातंय? बंद केलं की गॅरेजमध्ये बसून ढोसायला मोकळा."

"बघा ना डोळे कसे लाल आहेत."

मला संताप आला. मी तोंड उघडणार, इतक्यात इफ्रिमचा फोन वाजला. त्याची बोटं गारठून लाकूड झाली होती, कुठलं तरी भलतंच बटण दाबलं गेलं, आणि साव्हेताचा आवाज सगळ्या उपाहारगृहात घुमला.

"अरे माणसा, मी क्लूजला काय करू? इथे मी कुणाला ओळखते?"

"साव्हेता, मी..."

"तासभर गरगर फिरवलं वरती. शेजारची बाई पिशवीत ओकली. वैमानिक म्हणतो, खाली कुणी मोजणारा आहे तो नको म्हणतोय. मी म्हटलं, बाई गं, तो मोजणारा माझाच! चौदा वर्षं ये-जा केली, कधी एक दिवस चुकला नाही. आज कायमची येतेय, तर याने दार लावून घेतलं!"

वाट अडवणारे बाजूला झाले. तो गवंडीसुद्धा खाली बघायला लागला. मग कालची ती शिदोरीवाली आजी कोपऱ्यातून मोठ्याने म्हणाली, "कायमची येतेय म्हणता? मग तर मुद्दामच बंद केलं असेल त्याने!"

लोक असे हसले की काचा हलल्या. दोन दिवसांचं अडकलेलं सगळं हसू बाहेर आलं. पलीकडून साव्हेता विचारत होती, "कोण हसतंय? तू कुठेयस?" इफ्रिमने टोपी काढली, तोंडावरून फिरवली आणि म्हणाला, "कामावर आहे गं. उद्या सकाळच्या गाडीने ये. मी स्टेशनवर येतो." कुणीतरी त्याला खुर्ची दिली, कुणी सॉसेज दिलं. गवंड्याने खिशातली आलुबुखाराच्या दारूची चपटी बाटली पुढे केली. "ड्यूटीवर आहे," इफ्रिम म्हणाला. त्याने चोर्बाचे दोन चमचे खाल्ले आणि वाटी तशीच ठेवून क्रेनकडे गेला.

सगळी माणसं शुक्रवारी सकाळपर्यंत मार्गी लागली. झाहारिया साहेबांनी इफ्रिमला घरी पाठवलं, पण तो घरी गेला नाही. आधी इस्पितळात गेला. निस्तोर हात गळ्यात बांधून बसला होता.

"निस्तोर," इफ्रिम म्हणाला, "ती तिसरी फेरी कामाची नव्हती. दुसऱ्या फेरीलाच मला कळलं होतं की ते टोक सुटणार नाही. साव्हेता वर होती म्हणून मी तुला नेलं."

निस्तोरने त्याच्याकडे बघितलं. "काका, माझी बायको वर असती तर मी सात फेऱ्या मारल्या असत्या."

"म्हणून तर तुला मोजगाडी देत नाहीत."

निस्तोर हसला आणि हाड दुखलं म्हणून शिव्या दिल्या. हे मला निस्तोरनेच नंतर सांगितलं.

तिथून इफ्रिम स्टेशनवर गेला. क्लूजची गाडी तीन तास उशिरा होती. तो फलाटावरच्या प्रतीक्षागृहात शेगडीजवळ बाकावर बसला आणि झोपला. असा झोपला की गाडी आली, शिट्टी झाली, माणसं उतरली, गाडी पुढे निघून गेली, तरी त्याला पत्ता नाही. साव्हेता तीन बॅगा आणि एक खोकं घेऊन फलाटावर उभी. नवरा दिसेना. तिने फोन लावला तर आतून वाजला. आत जाऊन बघते तर हा तोंड उघडं टाकून घोरतोय, बुटांखाली वितळलेल्या बर्फाचं तळं. आधी ती चिडली होती म्हणे, वाटभर ठरवून आली होती काय काय बोलायचं ते. मग त्याचे ओठ बघितले. बॅगा आत ओढल्या, शेजारी बसली, आणि तीसुद्धा झोपली. तिच्याही डोळ्याला दोन दिवस डोळा लागला नव्हता. दुपारी फलाट झाडणाऱ्या बाईने दोघांना उठवलं, "आजीआजोबा, तुमची गाडी कुठली? सुटली असेल हो!"

"आमची काही सुटत नाही," साव्हेता म्हणाली. "ऊठ रे. घर कुठे आहे ते तरी आठवतंय का?"

पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. अठरा टनांची गाडी चरात जाते तेव्हा कागद लागतात. झाहारिया साहेब भला माणूस. त्यांनी लिहून आणलं होतं: तिसरी फेरी पाळीप्रमुखाच्या आदेशाने. इफ्रिमने ते वाचलं आणि सहीला नकार दिला. "मी मागितली असं लिहा. कशासाठी तेही लिहा."

"काका, कशासाठी ते लिहायची गरज नाही. दोन महिन्यांत तुम्ही निवृत्त होताय."

"लिहा, साहेब. नाहीतर उद्या नवा मोजणारा म्हणेल, उर्साके मारायचा तिसरी फेरी, म्हणजे असेल काहीतरी कारण."

तसं लिहिलं गेलं. त्याला ठपक्याचं पत्र मिळालं, तेहतीस वर्षांतलं पहिलं. मार्चच्या शेवटी तो निवृत्त झाला. आम्ही केक कापला, साहेबांनी घड्याळ दिलं. निस्तोर कामावर परत आला होता, त्याने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून दाखवल्या.

मेमध्ये मी त्यांच्या गावी गेले. इफ्रिम मागे वाफे खणत होता. साव्हेताने मला स्वयंपाकघरात बसवलं. बारीक, ताठ बाई, हात सतत काहीतरी करत असलेले.

"कसं चाललंय, मावशी?"

"चाललंय." ती पीठ मळत होती. "पहाटे पाचला जाग येते. म्हातारीला कुशीवर वळवायची वेळ ती. उठून बसते, मग आठवतं. हा पण उठतो. काय करायचं पाचला? बसतो दोघं. चहा पितो. चौदा वर्षं रोज फोनवर तासतासभर बोललो, आता समोर बसून बोलायला काही सुचत नाही. परवा मी कोंबड्यांकडे होते, तर याने घरातून फोन केला. अर्धा तास बोललो आम्ही. बरं वाटलं."

मी हसले. तीही हसली, मग हात थांबवून तिने विचारलं, "तू होतीस ना रेडिओवर. काय म्हणाला तो त्या वेळी? शेवटी?"

"एक म्हणाला."

"एवढंच?"

"मग म्हणाला, जाऊ दे त्यांना."

तिने पुन्हा पीठ मळायला घेतलं. "मी त्याला विचारलं होतं. दोन का नाही म्हणालास, एवढ्यात काय बिघडलं असतं? तर म्हणाला, उतरलंही असतं कदाचित." तिने पिठाचा गोळा उलटा केला. "त्या दिवशी मी फार शिव्या घातल्या त्याला. क्लूजच्या त्या थंड बाकावर बसून."

इफ्रिम चिखलाचे बूट घेऊन दारात आला. साव्हेताने न बघताच सांगितलं, बूट बाहेर. त्याने बूट बाहेर काढले आणि मोज्यांवर आत येऊन मला म्हणाला, "पोरी, हिला सांग, टोमॅटो आता नाही लावायचे. अजून एक थंडी यायची आहे."

"मोदेनात एप्रिलमध्ये लावतात."

"मोदेनात लावत असतील."

"चौदा वर्षं मी टोमॅटो लावलेत तिथे, म्हातारीच्या परसात."

"पण इथे क्रिवत्स आहे, बाई!"

"मेमध्ये कसला क्रिवत्स?"

दोघं वाद घालत मागे वाफ्यांकडे गेले. मी थोडा वेळ दारात उभी राहून ऐकलं. माझी दोनची पाळी होती आणि बस तासाला एकच, म्हणून मी त्यांना हाक मारून निरोप घेतला. इफ्रिमने हात हलवला. साव्हेता तोवर गुडघ्यांवर बसली होती आणि पहिलं रोप मातीत लावत होती.